घरचा मीडिया सर्व्हर बाहेरगावी दाखवताना अपलोड कसा राखायचा

माझे वडील उमेदीच्या काळात हौशी नाटकांत कामं करायचे. सांगलीत हे नवल नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली मराठी नाटकाचा पहिला प्रयोग याच गावात केला आणि तो नाद गावाला अजून आहे. बाबांच्या प्रयोगांच्या आणि घरातल्या लग्नामुंजींच्या मिळून बावीस व्हीएचएस कॅसेट आमच्याकडे होत्या. २००५ च्या पुरानंतर आईने त्या पत्र्याच्या पेटीत घालून माळ्यावर टाकल्या, म्हणून २०१९ ला कृष्णेचं पाणी घरात शिरलं तरी त्या वाचल्या. पुढे मी त्या डिजिटल करून घेतल्या, एका ऑफिसातून निघालेला जुना मिनी पीसी घेतला, त्यावर जेलीफिन, म्हणजे आपले व्हिडिओ टीव्ही-फोनवर दाखवणारा मोफत सर्व्हर प्रोग्राम, टाकलं आणि सगळं त्यात भरलं. घरच्या टीव्हीवर उत्तम चालायचं.

मग कोथरूडच्या आत्याला त्यावर खातं काढून दिलं. रात्री साडेआठला तिने बाबांचं नाटक लावलं आणि दहा मिनिटांत तिचा फोन आला. “अरे, दादा स्टेजवर आला आणि गोलच फिरायला लागलं बघ. बंद करून परत लावू का?” त्याच वेळी शेजारच्या खोलीत बायको ऑफिसच्या कॉलवर होती आणि तिचा आवाज समोरच्यांना तुटक ऐकू जात होता. आमचं पॅकेज शंभर एमबीपीएसचं, तरी एका जुन्या कॅसेटने पुण्यातलं आणि घरातलं, दोन्हीकडचं काम अडवलं.

त्यानंतर काय काय केलं ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितो. मी जेलीफिन धरून लिहिलंय. एंबी किंवा प्लेक्स हे त्याच प्रकारचे प्रोग्राम असतील तर मेनूंची नावं बदलतील, हिशेब तोच राहील. प्लेक्सवाल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की २९ एप्रिल २०२५ पासून तिथे घराबाहेरून पाहण्यासाठी पैसे भरावे लागतात. आणि बाहेर दाखवायचं ते आपलं स्वतःचं चित्रीकरण. विकत घेतलेल्या सिनेमांच्या प्रती नातेवाइकांत वाटणं हा कॉपीराइटचा भंग आहे, त्यासाठी हा लेख वापरू नका.

अपलोड म्हणजे आपला उपसा

आपण घरी बसून पाहतो ते डाउनलोड. आत्या पुण्यात बसून आपल्या घरातलं पाहते तेव्हा तिच्याकडे ते डाउनलोड असतं, पण आपल्या लाइनवर तेच अपलोड होऊन जातं. सांगली जिल्ह्यात उपसा म्हणजे काय हे कुणाला समजावावं लागत नाही. म्हैसाळ, ताकारी, टेंभू या योजनांत कृष्णेचं पाणी पंपांनी उचलून वरच्या दुष्काळी भागात नेतात. नदी दुथडी भरून वाहत असली तरी जतकडे जाणारं पाणी पंप उचलतील तेवढंच. अपलोड हा तुमच्या घराचा पंप आहे. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा नदीचा असतो. पंपाचा आकडा विचारून घ्यावा लागतो. काही पॅकेजमध्ये दोन्ही सारखे असतात, काहींत अपलोड बराच कमी असतो.

पहिलं काम: मोजणी

लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. वायफायवर केलेली मोजणी वायफायची होते, लाइनची होत नाही. एखाद्या स्पीड टेस्टच्या साइटवर जाऊन फक्त अपलोडचा आकडा टिपून घ्या. सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि रात्री आठ ते दहाच्या मध्ये दोनदा, असं तीन दिवस करा. वहीत लिहा, डोक्यात ठेवू नका. त्यातला सगळ्यात लहान आकडा हा तुमचा खरा अपलोड. सरासरी काढू नका, कारण आत्या सरासरी वेळेला बसत नाही, ती जेवणं उरकल्यावर रात्रीच बसते.

रात्री आकडा का घसरतो? फायबरच्या नेहमीच्या जीपॉन पद्धतीत एक धागा पुढे फाटे फोडून बऱ्याच घरांना दिलेला असतो, बत्तीस किंवा चौसष्टसुद्धा. त्या सगळ्यांत मिळून खाली येणारी क्षमता सुमारे २.५ गिगाबिट आणि वर जाणारी त्याच्या निम्मी. सगळी गल्ली एकदम बसली की वाटा कमी येतो. फायबरऐवजी छतावर डबा लावून घेतलेलं फाइव्ह-जीचं इंटरनेट असेल तर अडचण वेगळी आहे. तिथे एकाच लहरीवर वेळ वाटून डाउनलोड आणि अपलोड चालतो, त्यातला बहुतेक वेळ डाउनलोडला दिलेला असतो, आणि टॉवरवरच्या गर्दीप्रमाणे आकडा हलत राहतो. अशा लाइनवर आठवडाभर मोजल्याशिवाय कुणाला सर्व्हर दाखवायचं कबूल करू नका.

एक गोष्ट घोटवून घ्या. पॅकेजमधला ‘एमबी’ हा मेगाबिट, फाइलच्या आकारातला ‘एमबी’ मेगाबाइट, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. यातून पाठ करण्याजोगा एकच आकडा निघतो: १ एमबीपीएस वेगाने तासभर काही चाललं की ४५० मेगाबाइट जातात. पुढचे सगळे हिशेब यावर आहेत.

दुसरं काम: घरच्यांचा वाटा आधी काढणं

समजा तुमचा सगळ्यात लहान आकडा ३० निघाला. यातले दहा टक्के कुणालाच द्यायचे नाहीत, ते का ते राउटरच्या भागात येईल. उरले २७. आता रात्री साडेआठला घरात काय काय चालू असतं ते डोळ्यांसमोर आणा. एका चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ कॉलला वर जाणारे साधारण दीड ते चार एमबीपीएस लागतात. दोन कॉल धरले तर आठ. दाराबाहेरचा कॅमेरा क्लाउडवर रेकॉर्डिंग पाठवत असेल तर त्याचे दोन. घरातल्या फोनांचे फोटो आपोआप वर जात असतात, व्हॉट्सॲप आहे, त्याचे तीन. झाले तेरा. उरले चौदा, आणि सर्व्हरने बाहेर पाठवायचं ते या चौदात बसवायचं.

हा क्रम उलटा करू नका. आधी पाहुण्यांना वाढून मग घरच्यांना उरलेलं, ही रीत जेवणाला ठीक आहे. इंटरनेटवर तसं केलं की मुलीचा क्लास तुटतो आणि आठवड्याभरात घरचेच सर्व्हर बंद करायला सांगतात.

फोटोंच्या बॅकअपबद्दल एक सूचना. लग्नाहून आल्यावर चारही फोन एकदम वायफायला लागले की दोन-तीन तास सगळा अपलोड तेच खातात. बॅकअपच्या ॲपमध्ये ‘चार्जिंगला असतानाच बॅकअप’ अशी सोय असेल तर ती चालू करा. फोन रात्री चार्जिंगला लागतात, काम झोपेत उरकतं.

तिसरं काम: फाइल किती मागते ते ओळखणं

फाइलवर राइट क्लिक करून आकार बघा आणि तिची लांबी बघा. गिगाबाइटना तासांनी भागा, आलेल्या उत्तराला ०.४५ ने भागा, एमबीपीएस मिळाले. दोन तासांचं नऊ जीबीचं चित्रीकरण म्हणजे तासाला साडेचार, म्हणजे १० एमबीपीएस. आपल्या चौदांत ते कसंबसं एक बसेल.

फोनने काढलेले व्हिडिओ इथे चकवतात. आयफोनवर फोर-के, तीस फ्रेममध्ये काढलेल्या एका मिनिटाला साधारण १७० मेगाबाइट लागतात, म्हणजे जवळजवळ २३ एमबीपीएस. पुतणीच्या बारशाचा तीन मिनिटांचा साधा व्हिडिओ चालू असेपर्यंत तुमचा सगळा वाटा खाऊन वर घरच्यांच्या वाट्यातले आणखी नऊ मागतो.

आमच्या कॅसेटची गोष्ट याहून मजेशीर निघाली. ज्याने त्या डिजिटल करून दिल्या त्याने डीव्ही नावाच्या जुन्या पद्धतीत दिल्या होत्या. जतन करायला ती पद्धत चांगली आहे, पण तासाला १३ जीबी घेते. भागाकार केला तर जवळपास २९ एमबीपीएस. चित्र मात्र व्हीएचएसचं, कडा विरघळलेल्या, रंग उतरलेले. एवढ्या तपशिलाला २९ एमबीपीएस द्यायची काहीच गरज नव्हती. मी आधी त्यातल्या एका नाटकाची भरपूर बिटरेटची (म्हणजे सेकंदाला भरपूर बिट घेणारी) एमपी-फोर करून सर्व्हरवर टाकली होती आणि आत्याच्या टीव्हीला तीच जशीच्या तशी जात होती. त्या रात्रीचा घोटाळा तोच होता.

चौथं काम: बाहेरगावासाठी वेगळी, हलकी प्रत

माझ्या मते संपूर्ण कामातला सगळ्यात फायद्याचा भाग हाच, आणि बहुतेक नवी मंडळी तोच सोडून देतात. त्यांचा भरवसा असा की सर्व्हर आपणच ऐन वेळी फाइल लहान करून पाठवेल. पाठवतोही, त्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. पण ते काम प्रत्येक पाहणाऱ्यासाठी, प्रत्येक वेळी नव्याने करावं लागतं. एकदाच नीट करून ठेवलं तर सर्व्हरला नुसती फाइल उचलून द्यायची असते.

हँडब्रेक हा मोफत प्रोग्राम घ्या. कॅसेटवरून आलेल्या फाइलसाठी माझी मांडणी अशी: व्हिडिओचा प्रकार एच-२६४, कारण आत्याच्या जुन्या टीव्हीपासून फोनपर्यंत सगळ्यांना तो चालतो. चित्राचा आकार मुळातला ५७६ ओळींचाच ठेवायचा, वाढवायचा नाही. फिल्टरमध्ये डीइंटरलेस चालू. ते केलं नाही तर माणूस हात हलवतो तेव्हा कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. सरासरी बिटरेट २००० किलोबिट, आवाज एएसी १६० किलोबिट.

आणि एक फिल्टर ज्याने मला सगळ्यात जास्त फरक दिसला, तो म्हणजे डीनॉइज, अगदी हलका. जुन्या कॅसेटच्या चित्रात सतत वळवळणारे कण असतात. आपल्याला ते दिसूनही दिसत नाहीत, पण प्रोग्रामच्या दृष्टीने ती प्रत्येक फ्रेममधली नवी माहिती असते, आणि बिट त्या कणांवरच खर्च होतात. कण थोडे पुसले की तेच बिट चेहऱ्याकडे वळतात. दुसऱ्या अंकात बाबा खुर्चीवरून उठून खिडकीशी जातात तो अर्धा मिनिट मी दोन्ही तऱ्हेने काढून पाहिला. डीनॉइजशिवाय २ एमबीपीएसमध्ये त्यांचा चेहरा चौकटी-चौकटींचा दिसत होता. हलक्या डीनॉइजनंतर त्याच २ एमबीपीएसमध्ये ओठांची हालचाल कळायला लागली. जास्त दाबलं तर मात्र कातडी मेणाची वाटते, तिथे थांबा. असाच अर्धा-एक मिनिटाचा तुकडा काढून, पाहून मग पूर्ण नाटक रात्री लावून झोपा.

फोनच्या फोर-के व्हिडिओंसाठी १०८० ओळी आणि ४ एमबीपीएस पुरे होतात. पाहणाऱ्याकडची उपकरणं नवी असतील तर एचईव्हीसी हा व्हिडिओ जास्त दाबणारा नवा प्रकार वापरून तेच तीनच्या आत बसतं. डीव्हीची मूळ फाइल पुसू नका. ती वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वरच्या मजल्यावर.

आता या हलक्या प्रती ठेवायच्या कुठे? एकाच फोल्डरमध्ये दोन प्रती ठेवून जेलीफिनला ‘व्हर्जन’ म्हणून दाखवता येतात, पण मग कुठली लावायची ते पाहणाऱ्याने निवडावं लागतं, आणि आत्याकडून ती अपेक्षा करणं बरोबर नाही. मी वेगळी लायब्ररी केली, तिला ‘बाहेरगाव’ असं नाव दिलं, त्यात फक्त हलक्या प्रती ठेवल्या, आणि बाहेरच्या खात्यांना तेवढीच लायब्ररी दिसेल असं लावलं. घरच्या टीव्हीच्या खात्याला मोठ्या प्रतींची लायब्ररी. चुकायला जागाच ठेवली नाही.

पाचवं काम: सर्व्हरमधल्या मर्यादा

हलक्या प्रती असल्या तरी मर्यादा लावायचीच, कारण उद्या कुणीतरी मूळ फाइल चुकून त्या फोल्डरमध्ये टाकतंच.

जेलीफिनच्या डॅशबोर्डमध्ये प्लेबॅक, त्यात स्ट्रीमिंग. तिथे ‘इंटरनेट स्ट्रीमिंग बिटरेट लिमिट’ नावाची रिकामी चौकट दिसेल, त्यात ४ लिहा. घराबाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला जास्तीत जास्त ४ एमबीपीएस मिळतील, फाइल मोठी असेल तर सर्व्हर ती लहान करून देईल. हीच चौकट प्रत्येक खात्याच्या पानावरही असते, आणि तिथला आकडा भरला की तो वरच्या आकड्यावर मात करतो. फक्त फोनवर पाहणाऱ्या मामेभावाला मी २ दिलेत, त्याच्या लहान पडद्यावर तेवढे भरपूर होतात.

ही मर्यादा एकेका प्रवाहावर आहे, एकूण बेरजेवर नाही, आणि नवा माणूस नेमका इथे गोंधळतो. चार जण बसले तर ४ चोक १६, आणि आपल्याकडे होते चौदा. त्यात वाहतुकीचा स्वतःचा थोडा बोजाही मिळवायचा, म्हणजे ४ च्या प्रवाहाला साडेचार धरा. म्हणून आमच्याकडे एका वेळी तीन. खात्याच्या पानावर एकाच वेळच्या सेशनची संख्या बांधून देता येते, ती लावा, म्हणजे एक खातं पाच ठिकाणी उघडं राहणार नाही. एकूण बेरीज बांधायची तर राउटरकडेच जावं लागतं.

त्याच पानावर ‘मीडिया डाउनलोड करू द्या’ अशी खूण असते, ती काढून टाका. बिटरेटची मर्यादा पाहण्याला लागते, डाउनलोडला लागत नाही. कुणी रात्री नऊला एखादी फाइल उतरवायला घेतली तर ती मिळेल तेवढा सगळा अपलोड ओढते. कुणाला फाइल हवीच असेल तर मी पेन ड्राइव्हवर देतो. प्लेबॅकच्या पानावर ‘थ्रॉटल ट्रान्सकोड्स’ हा पर्यायही दिसेल. नाव ऐकून वाटतं की तो अपलोड आवरेल, पण तो ट्रान्सकोडिंग फार पुढे गेलं की थोडं थांबवून प्रोसेसरचा भार वाचवतो. चालू असू द्या, अपलोडसाठी त्यावर विसंबू नका.

ट्रान्सकोडिंग चिपकडून करून घेता आलं तर प्रोसेसर मोकळा राहतो. जुना मिनी पीसी घेताना इंटेलचा सातव्या पिढीचा किंवा पुढचा, आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर बघा. त्यातली क्विक सिंक सोय एचईव्हीसीसुद्धा हाताळते. रास्पबेरी पाय ५ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर यासाठी घेऊ नका, त्यात एच-२६४ तयार करणारी चिपच नाही. उपशीर्षकं असतील तर ती एसआरटी या मजकुराच्या प्रकारात ठेवा. चित्ररूप उपशीर्षकं बऱ्याच उपकरणांवर व्हिडिओत छापून द्यावी लागतात, आणि तेवढ्यासाठी अख्खी फाइल ट्रान्सकोड होते.

सहावं काम: घरापर्यंतचा रस्ता

राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता कंपनीने अनेक घरांना वाटून दिलाय. मग राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरच्यांना आत यायचं दार, उघडून काही उपयोग होत नाही, बाहेरचा माणूस तुमच्या दारापर्यंत पोचतच नाही. वेगळे पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे आपल्या एकट्याचा न बदलणारा पत्ता, मिळतो. मी तसं न करता टेलस्केल हा प्रोग्राम वापरला. ते सर्व्हरवर आणि पाहणाऱ्याच्या उपकरणावर टाकायचं, दोघांमध्ये वायरगार्ड या पद्धतीचा बंदिस्त बोगदा तयार होतो. पोर्ट उघडं टाकावं लागत नाही, त्यामुळे अनोळखी कुणी दार ठोठावत नाही. टेलस्केल प्रत्येक उपकरणाला जो पत्ता देतं तोही १०० नेच सुरू होतो, त्याची आणि वॅन आयपीची गल्लत करू नका.

जोडणी दोन तऱ्हेने होते, सरळ किंवा रिलेमार्गे. रिले म्हणजे दूरच्या कुठल्यातरी मधल्या सर्व्हरवरून फिरून जाणं, आणि तिथे वेग फारच कमी मिळतो. अपलोड भरपूर शिल्लक असून आत्याचं गोल फिरत असेल तर आधी हेच बघा. टेलस्केलच्या स्टेटसमध्ये त्या उपकरणापुढे ‘डायरेक्ट’ लिहिलंय की ‘रिले’, ते दिसतं. दोन्ही टोकांना राउटरवर आयपीव्ही-सिक्स (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालू केलं की बऱ्याचदा जोडणी सरळ होते. आमच्याकडे तसंच झालं.

आणखी एक खड्डा. जेलीफिन पत्ता बघून ठरवतं की पाहणारा घरातला की बाहेरचा. टेलस्केल सर्व्हरवरच असेल तर १०० चा पत्ता दिसतो आणि मर्यादा लागते. पण टेलस्केल दुसऱ्या मशीनवर ठेवून तिथून घरच्या नेटवर्कमध्ये वाट काढली असेल, किंवा मध्ये रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या मागण्या घेऊन आत जेलीफिनला देणारा मधला प्रोग्राम) असेल आणि तो ‘नोन प्रॉक्सीज’मध्ये लिहिलेला नसेल, तर सगळे पाहुणे घरचेच वाटतात. मग ४ लिहूनही ती मर्यादा कुणालाच लागत नाही. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर कोण काय कसं पाहतंय ते दिसतं, पहिल्या दिवशी तिथे डोळा ठेवा.

सातवं काम: राउटरवर लगाम

४ ची मर्यादा लावली म्हणून अपलोड सेकंदागणिक ४ नेच जाईल असं होत नाही. पाहणारं उपकरण पुढचा तुकडा मागतं, मिळेल त्या वेगाने ओढून घेतं, मग काही सेकंद गप्प बसतं, पुन्हा ओढतं. सरासरी ४, पण त्या ओढीच्या क्षणी पूर्ण ३०. लाइन भरली की राउटरच्या आतल्या साठ्यात माहितीची पाकिटं (लाइनवरून जाणारे तिचे छोटे तुकडे) रांग लावतात, आणि व्हिडिओ कॉलचं बिचारं छोटं पाकीट त्या रांगेत मागे उभं राहतं. याला बफरब्लोट म्हणतात. डाउनलोडही यात मंदावतं, कारण ‘मिळालं, पुढचं पाठव’ हा निरोप वरच जायचा असतो आणि तोही त्याच रांगेत अडकतो.

यावर इलाज असा की रांग कंपनीच्या डब्यात लागू द्यायची नाही, आपल्या राउटरवर लावायची, आणि ती शहाण्यासारखी चालवायची. मघाशी जे दहा टक्के बाजूला ठेवले ते यासाठी. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायची मोफत प्रणाली) चालणारा राउटर असेल तर त्यात एसक्यूएम हे रांग सांभाळणारं पॅकेज टाका, रांगेची पद्धत म्हणून ‘केक’ निवडा, आणि अपलोडच्या चौकटीत लाइनच्या नव्वद टक्के आकडा लिहा. ही चौकट किलोबिटमध्ये असते. २७ एमबीपीएससाठी २७००० लिहायचं. नुसतं २७ लिहिलं तर घरातलं सगळं इंटरनेट जागेवर थांबतं. हार्डवेअर ऑफलोडिंग (पाकिटं राउटरच्या चिपकडून परस्पर पुढे पाठवण्याची सोय) चालू असेल तर बंद करा, नाहीतर वाहतूक एसक्यूएमला वळसा घालून जाते. केकमध्ये प्रत्येक उपकरणाला सारखा वाटा देण्याची सोयही आहे, ती वेगळी चालू करावी लागते. मग सर्व्हर हे एक उपकरण आणि बायकोचा लॅपटॉप हे एक. सर्व्हरवरून तिघे पाहत असले तरी लॅपटॉपची पाळी चुकत नाही. शेतात पाणी पाजताना एकाच वाफ्याला धार सोडून ठेवत नाहीत, तसंच.

कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये हे बहुधा नसतं. त्याच्यामागे आपला राउटर जोडा आणि घरातली सगळी उपकरणं आपल्या राउटरवर आणा. अर्धी इकडे, अर्धी तिकडे ठेवली तर तिकडच्यांचा हिशेब आपल्या राउटरला कळत नाही. नवा राउटर घ्यायचा नसेल आणि सर्व्हर लिनक्सवर असेल तर केक थेट सर्व्हरच्या टेलस्केल इंटरफेसवर (टेलस्केलची वाहतूक जाते त्या वाटेवर) बसवता येतं, तिथे एकूण १४ लिहायचे. बाहेर जाणाऱ्या प्रवाहांची बेरीज तेवढ्यात राहते आणि घरचा टीव्ही वेगळ्या वाटेने जात असल्यामुळे त्याला धक्का लागत नाही. सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर ते पुन्हा लावावं लागतं, म्हणून सुरू होतानाच आपोआप लागेल अशी सोय करून ठेवा. वळवाच्या दिवसांत दुपारची वीज जाते-येते, प्रत्येक वेळी हाताने कोण लावणार. फायबरच्या डब्याला आणि राउटरला छोटा बारा व्होल्टचा यूपीएस असला की लाइन तरी टिकते.

आठवं काम: घरात बसून बाहेरच्यासारखं पाहणं

फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर सर्व्हर उघडा. आता तुम्ही बाहेरगावचे. दुसरीकडे लॅपटॉपवर एखाद्या साइटला सतत पिंग लावून ठेवा, त्यात निरोप जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते दिसतं. काही चालू नसताना आकडा बघा, मग फोनवर व्हिडिओ लावा, तो पुढे-मागे ओढा. आमच्याकडे आधी शांत असताना १२ मिलिसेकंद आणि नाटक लावलं की तीनशेच्या वर असं होतं. केक लावल्यावर तीन प्रवाह चालू असतानाही तीसच्या आत राहिलं. आकडा उसळतच राहिला तर नव्वद टक्क्यांवरून पंच्याऐंशीवर या, पुन्हा बघा. जे गमावलं ते वेगात मोजता येतं, पण घरात कुणाला जाणवत नाही.

महिन्याच्या डेटाची काळजी करणाऱ्यांसाठी: ४ एमबीपीएस म्हणजे तासाला १.८ जीबी. रोज दोन तास धरले तर महिन्याला १०८ जीबी. मोठ्या फायबर पॅकेजमध्ये महिन्याची मर्यादा बहुधा तीन टीबीच्या पुढे असते, तिथे हे सहज मावतं. लहान पॅकेज किंवा हवेतलं इंटरनेट असेल तर मर्यादा बघून घ्या, अपलोडही त्यात मोजला जातो.

सगळ्यांनी मिळून पाहायचं असेल तेव्हा

जेलीफिनमध्ये सिंकप्ले आहे. वेगवेगळ्या गावांतली माणसं एकच गोष्ट एकाच क्षणाला पाहू शकतात, एकाने थांबवलं की सगळ्यांचं थांबतं. पण प्रवाह प्रत्येकाचा वेगळा जातो. बाबांच्या पंचाहत्तरीला पाच घरं एकदम बसणार होती. आमचे चौदा भागिले पाच म्हणजे तीनपेक्षा कमी, म्हणून त्या दिवसापुरती सगळ्यांची मर्यादा २ केली, कॅमेऱ्याचं क्लाउड रेकॉर्डिंग दोन तास बंद ठेवलं आणि फोनांचे बॅकअप थांबवले. आत्याला आदल्या दिवशी फोनवर एकदा सगळं करून घ्यायला लावलं. “आत्या, खाली ते चाक दिसतंय ना, त्यावर दाब. क्वालिटीत ‘ऑटो’ आहे का?” “आहे रे. पण दादाला सांगू नकोस हं, मी आधीच थोडं पाहिलं.”

दुसऱ्या दिवशी तीन अंक सलग चालले. मध्ये एकदाच थांबले, जर्मनीतल्या मामेभावाने चहा ठेवायला थांबवले तेव्हा.